एस्पेरांतोचे सोळा नियम पाठ झाले, पण त्या चिमुकल्या शब्दांचं काय करायचं?

काकडआरती

मंडळी, एस्पेरांतो ही मुद्दाम बनवलेली भाषा, आणि तिची जाहिरात सगळीकडे एकच असते. सोळा नियम, अपवाद शून्य. नाम ओकारान्त, विशेषण आकारान्त, क्रियाविशेषण एकारान्त, वर्तमानकाळाला आस, भूतकाळाला ईस, भविष्याला ओस, संपलं व्याकरण. हे खोटं नाहीये, आठवड्याभरात डोक्यात बसतं. पण चार वाक्यं स्वतःच्या मनाने लिहायला घ्या, मग कळतं की खरी भाषा या प्रत्ययांत नाहीचे, ती चू, के, दा, दे, ये, पो, यू, देस, ची, आय्न असल्या एक-दोन अक्षरी शब्दांत आहे. त्यांना ना प्रत्यय लागतो ना ते कुठल्या नियमात बसतात. सोळा नियमांत चू आणि दाबद्दल एक ओळ नाही. माझं मत असं की ही सोळाची जाहिरात म्हणजे अवघड भाग शब्दकोशात ढकलून व्याकरण सोपं केल्याचा आव आहे.

आता नेमका प्रश्न. 'मी मुलांना तीन-तीन सफरचंदं दिली' यातल्या तीन-तीनसाठी पो हा शब्द आहे. पोमो म्हणजे सफरचंद, अनेकवचन पोमोय, आणि ते कर्म असेल तर शेवटी 'न' लागून पोमोयन. सफरचंदं तर 'दिली' आहेत, म्हणजे कर्म झालं, म्हणजे पो त्री पोमोयन व्हायला हवं. पण ही भाषा बनवणाऱ्या झामेनहोफच्या स्वतःच्या पुस्तकात 'मी दोनीस पो त्री पोमोय' असं आहे, 'न' गायब. आणि नेटवर बघावं तर निम्मे लोक 'न' लावून लिहितात, निम्मे त्याच्याशिवाय. अपवाद नसलेल्या भाषेत हे कसं काय?

---

ओट्यावरून

शीर्षक वाचून आधी वाटलं कॉफीचा धागा आहे. असो, आता आलेच आहे तर बसते.

---

बिनपगारी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. व्याकरणाच्या धाग्यावर जितकी हाणामारी होते तितकी राजकारणाच्या धाग्यावर पण होत नाही.

---

पाचवा_कोपरा

काकडआरती, धागा आवडला पण 'आव आहे' हे पटलं नाही.

ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. झामेनहोफ 1859 साली बियाविस्तोक गावात जन्मला, तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं, आता पोलंडमधे आहे. गावात पोलिश, रशियन, जर्मन, यिडिश बोलणारे लोक आणि एकमेकांवर दात ओठ खाणं. डोळ्यांचा डॉक्टर झाला, 1887 ला वॉर्सात 'डॉक्टर एस्पेरांतो' म्हणजे आशा बाळगणारा डॉक्टर या टोपणनावाने पहिलं पुस्तक काढलं, टोपणनावच पुढे भाषेला चिकटलं. 1905 ला फ्रान्समधे बूलोन-सूर-मेरला पहिलं अधिवेशन झालं आणि 'फुंदामेंतो' हे पुस्तक भाषेचा कायमचा पाया म्हणून मान्य झालं, त्याला कोणी हात लावायचा नाही असं ठरवून.

आता मुद्दा. फुंदामेंतोत फक्त सोळा नियम नाहीत. त्यात शब्दसंग्रह आहे आणि एक्झेर्त्सारो नावाचा स्वाध्यायांचा भाग आहे, आणि हे छोटे शब्द झामेनहोफने तिथे वाक्यांतून शिकवलेत. दा आणि देचंच घ्या. तो सरळ लिहितो की 'ग्लासो दे वीनो' म्हणजे असा ग्लास ज्यात आधी वाइन होती किंवा जो वाइनसाठी वापरतात, आणि 'ग्लासो दा वीनो' म्हणजे वाइनने भरलेला ग्लास. पुढे अजून गंमत आहे, दुकानात काळं कापड मागताना 'मेत्रो दा' म्हणा, कारण 'मेत्रो दे द्रापो' म्हटलंत तर त्याचा अर्थ कापडावर पडलेली मीटरपट्टी किंवा कापड मोजायची पट्टी! हा माणूस नियम लिहीत नव्हता, उदाहरण देऊन फरक दाखवत होता. शिकवायची पद्धत म्हणून मला तरी हे सोळा कलमांपेक्षा जास्त आवडतं.

---

सांडगी_मिरची

अहो पण हे मराठी माणसाला शिकवायला कशाला लागतं? 'पाण्याचा ग्लास दे' आणि 'ग्लासभर पाणी दे' यात फरक आहेच की आपल्याकडे. पहिल्यात कपाटातला रिकामा ग्लास आणला तरी चालतो (आमच्या घरी हमखास आणतात), दुसऱ्यात पाणीच यायला हवं. भर म्हणजे दा. वाटीभर, मूठभर, पोतंभर, सगळीकडे दा. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द म्हणून इंग्रजीतून शिकणारे तिथे गळपटतात, आपण इंग्रजी पुस्तकातून शिकतो म्हणून आपणही उगाच गळपटतो.

---

काकडआरती

@सांडगी_मिरची भर भारी आहे, मान्य. पण सगळीकडे नाही चालत हो. किलोभर कांदे ठीक, पण 'किती माणसं' याला किओम दा होमोय म्हणायचं, तिथे 'कितीभर माणसं' म्हणणार का? आणि 'खूप माणसं' म्हणताना मुल्ते दा होमोय पण चालतं आणि दा न घालता मुल्ताय होमोय पण चालतं, विशेषण केलं की दा उडतो. हा दा नदीच्या लांबीला पण लावतात, दोनशे किलोमीटर दा लांबी.

@पाचवा_कोपरा उदाहरणातून शिकवलं हे मान्य, पण मग सोळा नियमांत सगळं व्याकरण आहे असं सांगत फिरू नये ना.

---

पाचवा_कोपरा

झामेनहोफने शब्द दिले, वाक्यं दिली, ढाचा सोळा कलमांत दिला. 'सोळात सगळं' ही ओरड प्रचार करणाऱ्यांची. त्यांना पकडा.

---

उंटावरून_शेळ्या

एक भोचक प्रश्न. ही भाषा बोलतं कोण? आख्खं जग इंग्रजी शिकतंय आणि इथे सफरचंदाला न लावायचा की नाही यावर खल चाललाय. त्यापेक्षा एखादी कन्नड शिका, कर्नाटकात फिरताना तरी उपयोग होईल.

---

ओट्यावरून

@उंटावरून_शेळ्या अहो दुसरे लोक कॅन्डी क्रश खेळतात, हे 'न' लावतात. कोणाचं काय जातंय.

---

रेल्वे_टाइमटेबल

उपयोगाचं माहीत नाही पण आपल्याकडे या भाषेचा अगदीच दुष्काळ नाही. विनोबांनी उतारवयात एस्पेरांतो शिकायला घेतली होती, आधीच इतक्या भाषा येत असताना. आणि प्रबाल दासगुप्ता म्हणून बंगाली भाषाशास्त्रज्ञ आहेत, ते काही वर्षं आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते, पुढे 2007 ते 2013 जागतिक एस्पेरांतो संघटनेचे अध्यक्ष झाले. तेव्हा येरवड्याच्या बाजूला कोणीतरी पो-बद्दल खल केला असण्याची शक्यता आहेच.

मूळ विषयावर यायचं तर मला सगळ्यात आवडतो तो ये. रोमन लिपीत जे लिहितात, उच्चार ये. या शब्दाला मुद्दाम अर्थच दिलेला नाही! सोळातला चौदावा नियम आहे तो, प्रत्येक शब्दयोगी अव्ययाला ठरलेला अर्थ आहे, पण कुठलं वापरायचं ते कळत नसेल तर ये वापरा. म्हणजे जोकर पत्ता. तीन वाजता म्हणायचं तर 'ये ला त्रीआ होरो'. तुमच्या तब्येतीच्या नावानं चांगभलं करायचं तर 'ये वीआ सानो'. आणि त्याच नियमात वर अजून पळवाट, ये नको असेल तर अव्यय काढून टाका आणि नुसता कर्माचा न लावा. त्याच्या भोळेपणावर हसलो याचं वाक्य झामेनहोफने तीन तऱ्हांनी दिलंय, ये लावून, प्रो म्हणजे 'मुळे' लावून, आणि नुसता न लावून. तिन्ही बरोबर.

गंमत म्हणजे मग तोच सांगतो की ये होता होईल तितका कमी वापरा. सरकारी फॉर्मवर 'इतर' असा रकाना ठेवायचा आणि खाली लिहायचं की शक्यतो भरू नये.

---

बिनपगारी

इतर रकाना =)) =))

---

सांडगी_मिरची

मराठीत हसणं 'वर' असतं, 'ला' असतं. त्याच्यावर हसले, त्याला हसले. दोन्हीत फरक आहे का? मला वाटतं 'ला हसले' मधे थोडी चेष्टा जास्त आहे. चला, जोकर पत्ता आपल्याकडे असता तर ही चर्चाच झाली नसती.

---

निवडुंग_७

चू बद्दल कोणीच बोललं नाही अजून, आश्चर्य आहे. हो-नाही उत्तराचा प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या सुरुवातीला चू लावायचा, बाकी शब्दांचा क्रम हलवायचा नाही. झामेनहोफने तो पोलिशमधून उचलला. आपला का तंतोतंत हेच करतो, फक्त शेवटी बसतो. तू येतोस, तू येतोस का. इतकं सोपं साधन इंग्रजीत नाही, तिथे डू-डज घेऊन नाचावं लागतं.

आपल्या का-ची अडचण अशी की तो दोन नोकऱ्या करतो. 'येतोस का' आणि 'का येतोस' यात का सरकला की दुसराच प्रश्न होतो आणि समोरचा दुखावतो. एस्पेरांतोत कारण विचारायला किआल वेगळा आहे. आणि 'तो येईल का माहीत नाही' या वाक्यात पण तोच चू वापरतात, 'मी ने स्त्सीआस, चू ली वेनोस'. मराठी माणूस शिकताना एकच करतो, चू शेवटी टाकतो. शेवटी फक्त 'चू ने?' चालतं, म्हणजे आपलं 'हो ना?'

आता खरी बातमी. 1907 मधे पॅरिसला एक समिती बसली, एस्पेरांतो सुधारायला, त्यातून इदो नावाची भाषा निघाली आणि एस्पेरांतोवाल्यांत कायमची फूट पडली. इदोवाल्यांनी चू काढून टाकला आणि त्याच्या जागी काय घातलं माहितीये? का. पुढे स्वर आला तर काद. 'का वू परोलास इदो?' म्हणजे तुम्ही इदो बोलता का. मला तर भरून आलं.

---

ओट्यावरून

आणि तिकडे 'मी' म्हणजे पण मीच आहे ना? काकडआरतींच्या पहिल्या पोस्टमधे 'मी दोनीस' आहे. मी दोनीस म्हणजे मी दिले. आणि 'का' इदोत. दोघांना एकत्र करून टाका, वादच मिटला.

---

पाचवा_कोपरा

@ओट्यावरून हो, मी म्हणजे मीच. आणि चीऊ म्हणजे प्रत्येक. 'अल चीऊ' म्हणजे प्रत्येकाला.

---

ओट्यावरून

चिऊ म्हणजे प्रत्येक!!! मग काऊ म्हणजे कोण?

---

निवडुंग_७

काऊ नाहीये, कीऊ आहे. कीऊ म्हणजे कोण, तीऊ म्हणजे तो, ईऊ कोणीतरी, नेनीऊ कोणीच नाही. असे पाच आरंभ आणि नऊ शेवट, पंचेचाळीस शब्दांचा तक्ता. खरं सांगायचं तर एस्पेरांतोत सगळ्यात सुंदर जागा हीच. आपल्याकडे पण आहेच की अर्धवट. जो तो कोण, जिथे तिथे कुठे, जसा तसा कसा. आपण लहानपणी बाराखडीसारखं म्हणत नाही इतकंच.

त्याच्यात आय्न टाकला की 'ही' होतो. कीऊ आय्न, कोणीही. कीए आय्न, कुठेही. आणि ची टाकला की जवळ येतं, तीए म्हणजे तिथे, ची तीए म्हणजे इथे. इथे साठी वेगळा शब्द नाही, 'जवळचं तिथे' असं म्हणायचं.

---

उंटावरून_शेळ्या

'जवळचं तिथे' हे ऐकून मला पुण्यात पत्ता विचारल्यासारखं वाटलं.

---

सांडगी_मिरची

माझी डोकेदुखी वेगळी आहे, ते आउ वाले शब्द. होदीआउ आज, हीएराउ काल, मॉर्गाउ उद्या इथवर ठीक. पण आंकाउ म्हणजे 'पण/सुद्धा' आणि आंकोराउ म्हणजे 'अजून', हे दोन मी आजतागायत उलटेच बोलते. बरं त्या आउ ला काही अर्थ आहे म्हणावं तर तोही नाही. प्रेस्काउ जवळजवळ, आल्मेनाउ निदान, आंताउ आधी किंवा समोर, मालग्राउ असूनही. क्रियाविशेषणं आणि अव्ययं एकाच डब्यात. क्रियाविशेषण एकारान्त हा नियम इथे कुठे गेला?

---

पाचवा_कोपरा

एकारान्त ती, जी दुसऱ्या शब्दापासून बनवलेली असतात. आउ वाली मुळातली आहेत. नियम मोडलेला नाही, पण शिकणाऱ्याला त्याचं काय सुख म्हणा.

आंकाउची खरी अडचण जागेची आहे. मराठीत सुद्धा, ही, च शब्दाच्या मागे चिकटतात, तिथे पुढे बसतात. 'मीसुद्धा जातो' हे 'आंकाउ मी इरास'. आपण मराठी क्रमाने 'मी आंकाउ इरास' म्हटलं तर त्याचा अर्थ मी जातोसुद्धा, म्हणजे बाकी काही करतो आणि वर जातो. नूर म्हणजे फक्त आणि एच म्हणजे अगदी-सुद्धा, यांचंही तेच. ज्याच्यावर भर त्याच्या आधी. क्रियापदावरच्या च ला मात्र मस्त शब्द आहे, या. 'मी या वेनोस', मी येणारच.

---

रेल्वे_टाइमटेबल

आणि दे बद्दलची तक्रार राहिली की. चा, पासून, आणि कडून, तिन्हीला एकच दे. 'ला लीब्रो एस्तास प्रेनीता दे पेत्रो', पुस्तक पेत्रोकडून घेतलं गेलंय की पेत्रोने घेतलंय? दोन्ही. चोर पेत्रो की गिऱ्हाईक पेत्रो, पोलिसांनी काय लिहायचं? म्हणून लोक 'फारे दे' म्हणजे 'च्या हातून' असं लांबडं लावतात. इदोवाल्यांनी इथे बरं काम केलं, चा ला दी, पासून ला दे, आणि कर्त्याला दा. फक्त आता एस्पेरांतोतला दा आणि इदोतला दा वेगवेगळे झाले. सुधारणा केली की हे होतंच.

---

शास्त्रीय_अडगळ

उशिरा आलो, पण पो चा मूळ प्रश्न सगळेच सोडून गेलेत म्हणून लिहितो.

आधी नाव. असल्या शब्दांना आपल्याकडे निपात म्हणतात. यास्काने निरुक्त या ग्रंथात शब्दांचे चार वर्ग केले, नाम, आख्यात म्हणजे क्रियापद, उपसर्ग, निपात, आणि निपातांबद्दल म्हटलं 'उच्चावचेष्वर्थेषु निपतन्ति', नाना तऱ्हेच्या अर्थांत येऊन पडतात. काकडआरतींची तक्रार तीच आहे, निरुक्ताएवढी जुनी.

तीन-तीन सफरचंदं ही जी द्विरुक्ती आहे तिला पाणिनी वीप्सा म्हणतो. 'नित्यवीप्सयोः'. ग्रामो ग्रामो रमणीयः, गाव न् गाव सुंदर. आता मराठीत बघा, आपण संख्येची द्विरुक्ती करतो. मुलांना तीन-तीन दिली, रोज पंधरा-पंधरा पानं वाचली. पो सुद्धा नेमका संख्येच्या पुढेच बसतो, पो त्री, पो देक क्वीन. झामेनहोफचं दुसरं वाक्य हेच आहे, पुस्तकाला साठ पानं, रोज पो पंधरा वाचली तर चार दिवसांत संपेल. इंग्रजीतून आलेला माणूस पो म्हणजे पर समजून तो किलोच्या किंवा मुलाच्या आधी लावतो आणि फसतो. 'किलोमागे दोन रुपये' यात पो दोनच्या आधी येतो, किलोच्या आधी नाही. मराठी माणसाने तीन-तीन म्हणून बघावं, जिथे दुप्पट होतंय तिथे पो.

पो आला रशियन-पोलिशमधून. रशियनमधे आजही 'पो त्री याब्लोका' म्हणतात, तीन-तीन सफरचंदं. झामेनहोफ लहानपणापासून रशियन बोलत होता, त्याला यात नवल वाटायचं कारण नव्हतं.

राहिला 'न'. झामेनहोफने पो शब्दयोगी अव्यय मानलं, आणि आठवा नियम सांगतो की शब्दयोगी अव्ययानंतर नाम मूळ रूपातच. म्हणून पोमोय. हिशोब चोख आहे.

---

काकडआरती

@शास्त्रीय_अडगळ साष्टांग! वीप्सा हा शब्द शाळेनंतर पहिल्यांदा ऐकला.

पण मग 'न' लावणारे चूक आहेत का? चांगले मुरलेले लोक लावतात हो.

---

पाचवा_कोपरा

चूक म्हणणं कठीण आहे. त्यांचं म्हणणं असं की 'आल्मेनाउ त्री पोमोयन', निदान तीन सफरचंदं, इथे 'न' लागतोच, कारण आल्मेनाउ नुसतं त्री ला चिकटलंय, पोमोला त्याच्याशी देणंघेणं नाही. चिर्काउ म्हणजे सुमारे, ते एरवी शब्दयोगी आहे पण 'चिर्काउ देक पोमोयन' असंच लिहितात. मग पो ने काय घोडं मारलंय?

---

शास्त्रीय_अडगळ

घोडं फुंदामेंतोत मारलंय. 'पो त्री पोमोय', 1905, हात लावायचा नाही.

---

निवडुंग_७

शास्त्रीबुवा, तुमच्याच शाळेच्या व्याकरणातून याचं उत्तर निघतंय बघा.

मराठीत शब्दयोगी अव्यय लागलं की नामाचं सामान्यरूप होतं. घर, घरासमोर. झाड, झाडाखाली. पण च, ही, सुद्धा, देखील, मात्र यांना शुद्ध शब्दयोगी अव्ययं म्हणतात, ती नामाला हात लावत नाहीत. घरसुद्धा, झाडच. आणि विभक्ती आधी लागलेली असेल तर तीही तशीच राहते, रामालाच, मुलांनासुद्धा.

आता पो कुठल्या गटात? झामेनहोफने समोर-खाली च्या गटात टाकला, म्हणून पुढच्या नामाची विभक्ती पो ठरवतो आणि 'न' गळून पडतो. 'न' लावणारे लोक त्याला च-सुद्धाच्या गटात धरतात, पो आला काय नि गेला काय, दिली या क्रियापदाने 'न' मागितलाय तो द्यायचाच. वाद पो च्या अर्थाचा नाहीच, पो कुठल्या बाकावर बसतो याचा आहे. फुंदामेंतोने नाव एका बाकावर लिहिलं आणि निम्मा वर्ग त्याला दुसऱ्या बाकावर बघतो.

---

बिनपगारी

वाखुसा (वाचनखूण साठवली). हा प्रतिसाद शाळेत बाईंनी दिला असता तर मी विज्ञान शाखेला गेलो नसतो.

---

शास्त्रीय_अडगळ

@निवडुंग_७ मांडणी सुरेख आहे, मान्य करतो. तरी माझा कौल 'न' नसलेल्या रूपालाच. पायाभूत ग्रंथात एक रूप छापलेलं आहे, ते कोणी चूक म्हणू शकत नाही. दुसऱ्याला निदान काहीजण तरी चूक म्हणतात. परीक्षेला बसायचं असेल तर कुठलं लिहावं हे उघड आहे.

---

सांडगी_मिरची

मी तर 'न' लावणारच. पो काढून टाकला तर वाक्य नुसतं 'त्री पोमोयन' होतं ना, मग पो घातल्यावर 'न' कुठे पळून जातो? आणि ऐकायला पण सलग वाटतं.

---

काकडआरती

बाकांचा हिशोब डोक्यात बसला. 'न' लावला तर का लावला ते आता सांगता येईल. मी पोमोयनच लिहिणार, शास्त्रीबुवांची माफी मागून.

अवांतर होतंय पण विचारतोच. 'म्हणे' ला काय म्हणतात? 'तो आला म्हणे', 'लग्न ठरलं म्हणे'. आपलं अर्धं बोलणं त्याच्यावर चालतं. ओनी दीरास के, म्हणजे लोक म्हणतात की, असं लांबण लावलं की त्यातली सगळी मजा जाते.

---

रेल्वे_टाइमटेबल

लाउदीरे. लाउ म्हणजे प्रमाणे, दीर म्हणजे बोल, आणि शेवटी क्रियाविशेषणाचा ए. सांगण्याप्रमाणे. 'लाउदीरे ली वेनीस', तो आला म्हणे.

---

ओट्यावरून

बरंय पण त्याला 'म्हणे'ची सर नाही. म्हणे शेवटी येतं आणि सगळी जबाबदारी झटकून टाकतं. हे आधीच सांगून टाकतं की मी पुढे चहाडी करणारे.

---

रेल्वे_टाइमटेबल

मग 'ली वेनीस, लाउदीरे' म्हणा. स्वल्पविराम देऊन शेवटी टाकलं तरी चालतं, शब्दांचा क्रम बराच मोकळा आहे.

---

ओट्यावरून

हां, हे जमलं. आता कोणाचं लग्न ठरलंय ते सांगा.